मल्हारचं एक मिनिट

चौथ्या पंचानं पाटी वर उचलली. तांबड्या आकड्यात नऊ, हिरव्या आकड्यात एकोणीस. नऊ नंबरचा खेळाडू बाहेर, एकोणीसचा आत. एकोणीस नंबर माझ्या मुलाचा होता.

सामना संपायला जेमतेम मिनिट उरलं होतं. उत्तर आयर्लंडचा संघ चार-शून्यनं पुढे होता. समोरचा देश इतका लहान, की त्यांच्या बचावफळीत एक शाळामास्तर आणि एक पोस्टमन खेळत होते. बेलफास्टच्या त्या स्टेडियममधले निम्मे लोक उठून गाड्यांकडे निघाले होते. अशा वेळी बदली खेळाडू कोण कशाला पाठवेल? गोल करायचा नव्हता, वाचवायचाही नव्हता. कारण माझ्या लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं.

मी खुर्चीवर चढलो आणि कोल्हापुरात गोलपोस्टमधून ओरडायचो तसा ओरडलो, "मल्हार, जाऊ नको. खाली बस."

ते शब्द कळणारा तिथे माझ्याखेरीज एकच माणूस होता. त्यानं ऐकलं. मान वळवून वर पाहिलंही. पण तोवर त्याचा एक पाय पांढऱ्या रेषेपलीकडे पडला होता. नऊ नंबरचा रायन आरामात पळत बाहेर आला आणि त्याच्या हातावर टाळी देऊन बाकावर जाऊन बसला.

कोपऱ्यात थ्रो-इन चालला होता, मल्हार तिकडे धावला. तो पोचायच्या आत शिट्टी झाली. चेंडू त्याच्या पायाला लागलाही नाही.

शेजारच्या गृहस्थांनी माझ्यापुढे हात केला. पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेल्याला इकडे मखमली टोपी देतात. पोराला टोपी मिळाली, अभिनंदन, असं ते म्हणत होते. त्यांचा काही दोष नव्हता, तरी मी हात दिला नाही.

मुलगा देशाकडून खेळला आणि बाप चिडला, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. म्हणून आधीचं सांगायला हवं.

मी जयसिंग साळोखे, कोल्हापूरचा, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. तिकडे पेठापेठांतल्या तालमींचेच संघ असतात. शालनला इकडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही डेरीला आलो. या शहराचं नावसुद्धा लोक दोन तऱ्हांनी घेतात, आणि कोण कुठलं नाव घेतो त्यावरून त्याची बाजू, ब्रिटिश की आयरिश, कळते. मी सिटी बस चालवायला लागलो. मल्हार इथेच जन्मला. इथे जन्मलेल्या मुलाला ब्रिटिश व्हायची मुभा, आयरिश व्हायची मुभा, दोन्ही व्हायचीही मुभा. त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट होते. फुटबॉलच्या हिशेबात याचा अर्थ असा, की तो उत्तरेकडून खेळू शकत होता आणि दक्षिणेच्या आयर्लंडकडूनही.

चौदाव्या वर्षापासून तो उत्तरेच्या लहान गटांतून खेळत आला होता. बाविसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका क्लबात त्याचे गोल मोजले जायला लागले, आणि दक्षिणवाल्यांनाही तो दिसला.

नियम सोपा होता. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या खेळाडूनं मोठ्यांच्या संघातून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळला, मग ते एक मिनिट का असेना, तर दुसरा देश त्याला कायमचा बंद. मैत्रीपूर्ण सामने यात धरत नाहीत. बाकावर बसणं धरत नाहीत. रेष ओलांडली की झालं.

कोल्हापुरात आमच्या वेळी हंगामाआधीची खेळाडू-नोंदणी म्हणजे लढाईच असायची. दुसऱ्या तालमीनं फोडू नये म्हणून चांगल्या खेळाडूला मळ्यावर नेऊन ठेवायचे. मटण घालायचे, बाहेरचं माणूस भेटू द्यायचे नाहीत. मलाही एका वर्षी दुसऱ्या पेठेच्या लोकांनी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या मळ्यात ठेवलं होतं. पण नोंदणीच्या टेबलापाशी सही आपली आपण करायची, सगळ्यांच्या देखत. तिथे कुणी कुणाचा हात धरत नसे. त्या लोकांचं मटण पोटभर खाऊन मी सही माझ्या जुन्याच तालमीसाठी केली. त्यांनी मला आयमायवरून शिव्या दिल्या, पण सही मानली.

मल्हारला हे मी लहानपणापासून सांगत आलो होतो. कोण बोलावतं ते महत्त्वाचं नाही, सही तुझी पाहिजे.

त्या वसंतात दोन माणसं आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली. पहिले आले डोनल हेगार्टी, दक्षिणेच्या संघासाठी खेळाडू हेरणारे. गोड बोलणारा माणूस. त्यांनी मल्हारला तो मनानं आयरिशच कसा आहे ते समजावलं. मल्हार ऐकत राहिला आणि शेवटी उन्हाळ्यात सांगतो म्हणाला.

आठवड्यानं ट्रेवर हॅनिंग आले, उत्तरेच्या संघाचे मॅनेजर. उंच, रुंद हाडाचा माणूस, बोलताना टेबलावर बोट आपटायची सवय. मल्हार मूळचा त्यांचाच कसा आहे, हे त्यांनी समजावलं. मग प्रस्ताव ठेवला. रविवारी पात्रता फेरीचा सामना आहे, त्यात मल्हारला नुसतं बाकावर बसवायचं, वातावरण कळावं म्हणून. बुधवारी मैत्रीपूर्ण सामना आहे, त्यात खेळवायचं. त्यानं काहीच बांधलं जात नाही. निर्णय त्यानं उन्हाळ्यात सावकाश घ्यावा.

मी विचारलं, रविवारी खेळवणार नाही ना? नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी टेबलावर सपाट हात ठेवला आणि म्हणाले, "मिस्टर साळोखे, माझा शब्द आहे." जाताना शालनचा चिवडा मूठभर घेऊन गेले.

ते गेल्यावर शालन म्हणाली, "जर्सी दोघांचीबी हिरवीच. मग एवढं भांडण कशापायी?"

मल्हार हसून म्हणाला, "आई, म्हणूनच तर."

त्या रविवारी शिट्टी झाल्यावर मी खेळाडूंच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या खोलीत गेलो. चहा, सँडविचेस, मुलंबाळं, सगळे खुशीत. हॅनिंग कप हातात घेऊन एकेकाशी बोलत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणालो.

"परिस्थिती बदलली. रायनची मांडी धरली होती."

"रायन तिथं उभा आहे."

रायन खिडकीपाशी होता. चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर बसवून तो घोडा घोडा करत होता, आणि घोडा चांगला उड्या मारत होता. हॅनिंगनी तिकडे पाहिलं नाही.

आवाज खाली आणून ते म्हणाले की आठ वर्षं आम्ही या मुलाला घडवलं. प्रवास, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळं आमचं. उद्या यानं तिकडची जर्सी घालून आमच्यावरच गोल करायचा आणि मी बघत बसायचं, हे माझ्याकडून होणार नाही. मी एकही नियम मोडलेला नाही.

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "पण त्याला सांगून का नाही केलं?"

हॅनिंगनी चहाचा घोट घेतला. "सांगितलं असतं तर त्यानं विचार केला असता."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. ते चिडून बोलले नव्हते, लाजूनही नाही. टायर पंक्चर झालं म्हणून बदललं, अशा सुरात बोलले होते.

तेवढ्यात मल्हार आला. केस ओले, खांद्यावर बॅग. हॅनिंगनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. मल्हार एक पाऊल बाजूला झाला.

"रायन लंगडतोय, पळ, असं म्हणालात तुम्ही मला," तो म्हणाला.

"मला तसं वाटलं."

"तो लंगडत नव्हता."

"मल्हार, तू आता आंतरराष्ट्रीय खेळाडू आहेस. आनंद मान."

मी पुढे सरकलो. काय करणार होतो ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. मल्हारनं माझा दंड धरला आणि मराठीत म्हणाला, "बाबा, चला. हितं नको."

डेरीपर्यंतचा रस्ता डोंगरातून जातो. मी गाडी चालवत होतो आणि तोंडही चालू होतं. हॅनिंगच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. संघटनेला पत्र लिहायचं, वर्तमानपत्राला सांगायचं, वकील बघायचा, असं सगळं ठरवून टाकलं. मल्हार काचेतून बाहेर बघत होता. चढ संपल्यावर म्हणाला, "तुमचा आवाज आला होता मला. पण पाय पडला होता."

बुधवारी तो मैत्रीपूर्ण सामना झाला. त्यात मल्हारला बाकावरसुद्धा घेतलं नाही. काम झालं होतं.

पत्र मी लिहिलं. संघटनेचं उत्तर सभ्य आणि बरोबर होतं. संघनिवड हा मॅनेजरचा अधिकार, खेळाडू स्वखुशीनं मैदानात उतरला, कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही. वकिलानं ते वाचून परत दिलं आणि तेच पुन्हा तोंडी सांगितलं.

माझी बस नदीच्या दोन्ही अंगांना जायची. अलीकडे दक्षिणेच्या बाजूचे लोक जास्त, पलीकडे ब्रिटिश राजवट मानणारे जास्त. आधी अलीकडचे विचारायचे, पोरगं आमच्याकडे कधी येतंय? आणि पूल ओलांडला की पलीकडचे म्हणायचे, धरून ठेव हं त्याला, जाऊ देऊ नको. त्या रविवारनंतर दोन्हीकडचा सूर बदलला. अलीकडची, रोज चर्चला जाणारी एक आजीबाई तिकीट घेताना म्हणाली की एका मिनिटासाठी इमान विकलं म्हणायचं तुमच्या मुलानं. पुलापलीकडे एका दुकानदारानं मोठ्या आवाजात सगळ्या बसला ऐकवलं, की टोपी दिली तरी बापानं तक्रारीचं पत्र लिहिलं, असल्यांना देऊन काय उपयोग. डेपोतला माझा दोस्त बिली तेवढा म्हणाला, "जय, तुझ्या पोराला कुणीतरी काहीतरी विचारलं का रे?" मी म्हणालो, कुणीच नाही.

घरात मी रोज तेच तेच बोलायचो. माझ्या मुलाचं दक्षिणेचं दार बंद केलं, त्याचा हक्क मारला. शालन ऐकून घ्यायची आणि ड्युटीला निघून जायची. एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, त्याला दक्षिणेकडं जायचं होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मुद्दा तो नाही, असं मी तिला ठणकावलं.

"न्हाईच मुद्दा तो. मी तेवढंच म्हणाले," ती म्हणाली आणि परात घेऊन ओट्याकडे वळली.

उन्हाळ्याच्या तोंडाला हेगार्टींचा फोन आला. मल्हार इंग्लंडला होता, मीच घेतला. झालं ते फार वाईट झालं, म्हणाले. आमच्याकडे असं कधी होत नाही. आमच्याकडे खेळाडूचा मान ठेवतात. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं. म्हणून मी सहज विचारलं, मल्हार तुमच्याकडे आला असता तर त्याला कुठं खेळवलं असतं?

पलीकडून उत्तर आलं की सुरुवातीला जूनमधल्या एका पात्रता सामन्यात धरला होता, शेवटी शेवटी.

"शेवटी म्हणजे कधी?"

"पाचेक मिनिटं. सामना हातात असता तर."

"आणि मग?"

"मग पुढचं पुढे. हे बघा, त्याच्या जागेवर आमच्याकडे तिघं आहेत, तिघंही त्याच्याहून सरस. पण मोकळा सोडला असता तर हॅनिंगनं घेतला असता ना."

मी विचारलं, हे तुम्ही मल्हारला सांगितलं होतं का? ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते. एका धंद्यातला माणूस दुसऱ्याजवळ हसतो तसं होतं. फोन ठेवताना त्यांनी शालनला आणि मल्हारला शुभेच्छा दिल्या.

इतके दिवस मी एका माणसावर चिडलो होतो. ते सोपं होतं. आता दोन झाले, आणि दोघांचाही हिशेब एकच होता. माझ्या मुलाला खेळवायचं दोघांपैकी कुणालाच नव्हतं. दुसऱ्यानं खेळवू नये, एवढंच दोघांना पाहिजे होतं. कोल्हापूरच्या मळ्यावरची माणसं लबाड होती, पण त्यांना गोलकीपर हवा होता.

मल्हारला मी हे सांगितलं नाही असं नाही. फोनवरच सांगितलं. "हं," म्हणाला. मग म्हणाला की गेल्या हंगामापेक्षा सहा गोल जास्त झालेत त्याचे, पुढच्या हंगामात अजून करतो.

आणि केले. सप्टेंबरात तो दोन दिवसांसाठी घरी आला होता. शालननं तांबडा रस्सा केला होता, ताटं मांडत होती. मल्हारचा फोन वाजला. नाव बघून त्यानं तो टेबलावर ठेवला आणि आवाज खोलीभर सोडला. हॅनिंग होते.

हॅनिंगचा आवाज मोकळा होता. त्यांनी आधी गोलांचं कौतुक केलं. मग सांगितलं की रायनचा गुडघा गेला, दुसऱ्या आघाडीवाल्याचा घोटा मोडला, आणि पुढच्या महिन्यातले दोन्ही सामने जिंकले तर मुख्य स्पर्धेचा रस्ता खुला आहे. या वेळी मिनिट-बिनिट नाही, पूर्ण नव्वद, दोन्ही सामने. नऊ नंबर तुझा.

मी मल्हारकडे बघत होतो. कुठल्याही पोराला आयुष्यात एकदा तरी यावा असा फोन होता तो.

"ऐकतोयस ना?" हॅनिंग म्हणाले.

"ऐकतोय. एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही आमच्या घरी आलात, तेव्हा मी कुणाकडून खेळायचं ठरवलं होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"त्याला आता काय अर्थ आहे?"

"माहीत आहे का?"

मग हॅनिंग म्हणाले, "हेगार्टी तुझ्या मागे होता. सगळ्यांना माहीत होतं."

"मी तुमच्याकडून खेळणार होतो," मल्हार म्हणाला.

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. शालननं वर पाहिलं नाही, ती भाकरी मोडत होती. तिला माहीत होतं. तिला वसंतापासून माहीत होतं.

मल्हार सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द निवडून घेतल्यासारखा. चौदा वर्षांचा असल्यापासून याच पोरांबरोबर खेळलो, त्यांच्याच बसमध्ये झोपलो, त्यांच्यातल्या तिघांच्या लग्नात नाचलो. दुसरीकडे कुठं जाणार होतो? त्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी हेगार्टींना भेटायची वेळ घेतली होती. घरी येऊन बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं म्हणून. त्यानंतर तुमच्याकडे येणार होतो. बाबांना घेऊन.

हॅनिंगनी श्वास सोडलेला ऐकू आला. सुटल्यासारखा. "अरे, मग झालंच की," ते म्हणाले. "अडचण काय आहे? तुला जे हवं होतं तेच झालं."

"नाही," मल्हार म्हणाला. "ते तुम्हाला हवं होतं. मला ते माझ्या तोंडानं सांगायचं होतं."

"मल्हार, डोकं शांत ठेव. दुसरीकडे तू आता खेळू शकत नाहीस. आमच्याकडून नाही तर कुणाकडूनच नाही. कळतंय का तुला?"

"कळतंय. तो नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे."

"मग येतोस की नाही?"

मल्हारनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, वर नाही की खाली नाही. माझं सगळं अंग हो म्हणत होतं. नव्वद मिनिटं, नऊ नंबर, भरलेलं स्टेडियम. आणि त्याच वेळी मला टेबलावर आपटणारं ते बोट दिसत होतं.

"तेव्हा विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो," मल्हार म्हणाला. "आज पहिल्यांदा विचारताय. नाही."

त्यानं फोन बंद केला आणि उलटा करून ठेवला. शालननं त्याच्या ताटात भाकरी वाढली, वर रस्सा घातला. वाटीही तिनंच त्याच्याजवळ सरकवली. तो जेवायला लागला. खाली मान घालून, भराभर, कुणीतरी ताट ओढून नेईल असा.